उजव्या पायाची नळी

४ फेब्रुवारी

ठमे,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील असं धरून चालतो, कारण विचारपूस करण्याइतकं डोकं आज ठिकाणावर नाही. फोन करणार होतो, पण फोनवर मला बोलता आलं नसतं.

टिकल्या गेला. शनिवारच्या तिसऱ्या शर्यतीत, शेवटच्या वळणावर, सगळ्यांच्या देखत. पुढचा उजवा पाय नळीत मोडला. गुडघ्याखालची ती नळी, जिच्यावर मी रोज सकाळी हात फिरवायचो, तिचे दोन तुकडे. डॉक्टरांनी भोवती पडदे लावले आणि शेवटची सुई दिली. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस, नाहीतर ती रोज फोन करून माझं सांत्वन करत बसेल.

आता कामाचं. हे कोणामुळे झालं ते मला ठाऊक आहे. आपला काडीपैलवान! अंगावर मूठभर मांस नाही, पण चाबूक उगारायची खुमखुमी बघ. आत जागा नसताना त्याने टिकल्याला आत घुसवलं, दोन फटके ओढले आणि घोडा कोसळला. स्वतःही पडला, खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात आहे. नऊ वर्षं माझ्या तबेल्याचा जॉकी आहे, मला वाईट वाटत नाही असं नाही, पण चूक ती चूक. वीस तारखेला चौकशी समिती बसतेय. त्याचा परवाना जाणार, आणि गेलाच पाहिजे.

नियमाप्रमाणे मोडलेला पाय तपासणीला पाठवलाय, तो तुमच्याच प्रयोगशाळेत येतोय. तू हाडांची डॉक्टर झालीस, त्याचा मामाला एकदा तरी उपयोग होऊ दे. एवढंच लिही की हाड खणखणीत होतं आणि झटक्याने मोडलं. खरं तेच आहे. खोकला झाला तेव्हा मी टिकल्याला दीड महिना पूर्ण विश्रांती दिली. नंतर पाच आठवडे रोज आठ किलोमीटर दुडक्या चालीने, मायेने पळवलं. बाकीचे लोक कोवळ्या घोड्यांना पहिल्या दिवसापासून चौखूर उधळतात. मी पाय पक्के केल्याशिवाय घोडा शर्यतीत उतरवत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

अहवाल लवकर पाठवा म्हणजे झालं.

तुझा मामा


७ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. यापुढे विनंती-विशेष लिहायची पद्धत आहे. आज माझ्याकडे विनंती नाही, नुसता राग आहे, आणि तो मात्र विशेष आहे.

आधी टिकल्याबद्दल. तुझं पत्र वाचून मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. गेल्या उन्हाळ्यात त्याने माझ्याकडचं सफरचंद पिशवीसकट पळवलं होतं आणि तू मलाच ओरडला होतास, पिशवी त्याच्या घशात अडकली असती म्हणून.

आता दुसरं. तू मला काय लिहायला सांगितलंस ते तुला कळतंय का? पाय टेबलावर यायच्या आधी निकाल! असेच निकाल लिहायचे असतील तर आम्ही सूक्ष्मदर्शकं विकून टाकतो आणि मामालोकांची पत्रं उघडत बसतो. तुझी भाची म्हणून मी त्या कागदावर सही करूच शकत नाही. मी ते काम आमच्या मॅडमकडे सोपवलं. त्या पंचवीस वर्षं घोड्यांची हाडं बघताहेत आणि त्यांना कोणी मामा नाही. मी नुसती टेबलाशी उभी होते. अहवाल आज समितीकडे गेलाय, त्याची प्रत तुलाही मिळेल, म्हणून सांगायला हरकत नाही.

हाड खणखणीत नव्हतं. नळीच्या पुढच्या अंगाला, जिथे मोडलं तिथेच, जुनी चीर होती. तिच्यावर नव्या हाडाचा खडबडीत थर चढला होता. तो थर एका दुपारी चढत नाही, मामा. शर्यतीच्या आधी अडीच ते तीन आठवडे ती चीर तिथे होती.

आणि ती तुझी दुडकी चाल! हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असतं. त्याच्याकडून जे काम घ्याल त्या कामापुरतंच ते स्वतःला घडवतं. तू त्याला शेकडो किलोमीटर दुडकवलंस, तर ते दुडकायला तयार झालं. भरधाव पळताना नळीवर कितीतरी जास्त ताण येतो, आणि तो येतोही वेगळ्या बाजूने. त्याची सवय व्हायला सुरुवातीपासून थोडं थोडं वेगात पळवावं लागतं. शंभर-दोनशे मीटर, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, बेताबेताने वाढवत. लांब आणि संथ पळवून ते काम होत नाही.

विश्रांतीत तर उलटंच होतं. काम नाही म्हटल्यावर शरीर हाड कमी करायला लागतं. शिवाय आधीच्या शर्यतींनी थकलेलं हाड दुरुस्तीला निघतं, आणि ती दुरुस्ती म्हणजे रस्त्याच्या कामासारखी असते, आधी खणायचं आणि मग भरायचं. खणून होतं काही आठवड्यांत, भरायला महिने जातात. तोवर घोड्याचा दम वाढलेला असतो, अंग भरलेलं असतं, डोळ्यांत चमक आलेली असते. बघणाऱ्याला वाटतं घोडा तयार झाला. आतली नळी तेव्हा खणलेलीच असते.

आता मला सरळ उत्तरं दे. जानेवारीच्या मध्यावर काय झालं? तू त्याला वेगात पळवलं होतंस का? तो लंगडत होता का? कोणी तुला काही सांगितलं होतं का? तबेल्याची रोजच्या सरावाची वही पाठव, आणि डावा पायही पाठव, तुलना करायला लागेल.

तुझी भाची


१० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई यांस,

अहवालाची प्रत मिळाली. वाचली. चार पानांत एकदाही ‘टिकल्या’ हा शब्द नाही, ‘नमुना क्रमांक’ आहे. नमुना! माझ्या हातात जन्मलेलं पोर ते.

चाळीस वर्षं मी घोड्यांत आहे. तू बोलायला शिकायच्या आधी मी हजारो पाय तपासले होते. माझा तळहात नळीवरून फिरला की आतलं सगळं मला कळतं. ऊब कुठे आहे, सूज कुठे आहे, दुखतंय कुठे. त्यासाठी मला एक्स-रेच्या यंत्रापुढे घोडा उभा करावा लागत नाही आणि हाडाच्या चकत्याही पाडाव्या लागत नाहीत. आणि आता काल शाळेतून सुटलेली पोरगी मला शिकवणार की मी माया केली म्हणून घोडा मेला? गाढवापुढे वाचली गीता, एवढंच म्हणायचं तू बाकी ठेवलंस.

हाडाला म्हणे सवय होते. हाडाला काय डोकं असतं?

तो लंगडत नव्हता. जानेवारीच्या मध्यावर त्या नळीवर अगदी बारीक फुगवटा आला होता, कबूल. ठाणाच्या दाराची कडी लागली असणार. दोन दिवस मोतद्दाराकडून गार पाणी मारून घेतलं, पट्टी बांधली, ऊब गेली. विषय संपला. वेगात पळवलं ते टिकल्याच्या मालकाला अचानक शर्यतीची घाई झाली म्हणून. ६ ते १३ जानेवारीत तीनदा आणि पुढे चोवीस तारखेला एकदा, बस. घोडा नुसता वाऱ्यावर स्वार होता, तू बघायला हवं होतंस. पैलवान कुरकुरत होता, पण तो कधी कुरकुरत नाही? खोगीर ओलं आहे, माती कडक आहे, थंडी जास्त आहे. त्याचं ऐकायचं तर घोडे कपाटात ठेवावे लागतील.

वही पाठवणार नाही. डावा पाय मिळणार नाही. टिकल्याला मी सरावाच्या मैदानामागे पुरलंय आणि तिथे कोणीही कुदळ लावायची नाही.

मामा


१३ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा फक्त तुझा आरडाओरडा ऐकू आला. दुसऱ्यांदा फुगवटा दिसला. तिसऱ्यांदा कुरकुर दिसली. लगेच रजा टाकली, आठ तासांचा प्रवास केला आणि काल दवाखान्यात जाऊन पैलवानला भेटले. तुला सांगितलं नाही, कारण तू दारात आडवा पडला असतास.

तिसऱ्या मजल्यावर सहा खाटांची खोली आहे. त्याची खाट दाराजवळ, पाय वजनाने ताणून बांधलेला. बायको डब्याच्या झाकणात औषधाच्या गोळ्या मांडत होती. मी तुझी भाची म्हटल्यावर तिने पाठ फिरवली ती मी निघेपर्यंत. मला राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर झाकण फेकून मारलं असतं.

त्याने मला सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. पंधरा जानेवारीला सकाळी, सराव संपल्यावर, घोडे धुतात त्या ओट्यापाशी तो तुला म्हणाला, “मालक, उजवा पाय आखडता टाकतोय. वळणावर तर भारच घेत नाही. एक्स-रे काढून घेऊ या.” आणि तू म्हणालास, “भीती वाटत असेल तर सायकल चालव.” ओट्यावर तुम्ही दोघं आणि टिकल्या, चौथं कोणी नव्हतं. खरं की खोटं?

ही कुरकुर नव्हे, मामा! ओलं खोगीर नव्हे! घोड्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाने बुडाखाली जे ओळखलं, ते आमच्या मॅडमना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. दोघांचं तंतोतंत जुळतं. जुळत नाही तो तेवढा तुझा तळहात.

आणि याहून वाईट गोष्ट मला त्याच्या उशाखालच्या कागदावर वाचायला मिळाली. समितीने त्याला तुझ्या जबाबाची नक्कल पाठवलीय. ‘जॉकीने घोड्याच्या पायाबद्दल माझ्याकडे कधीही कोणतीही तक्रार केली नाही.’ खाली तुझी सही, तुझं ते लांबलचक शेपूट असलेलं अक्षर. अरे, चुकणं मी समजू शकते. जुनं शिकलेलं मोडवत नाही, हेही समजू शकते. पण हा माणूस नऊ वर्षं तुझ्या घोड्यांवर जीव धोक्यात घालून बसला, त्याचा खुबा तुझ्या हट्टापायी मोडला, आणि खोटंही त्याच्याच माथी? लाज वाटली मला. तुझ्या नात्याची लाज वाटली.

आता समिती त्याला काय म्हणतेय माहीत आहे? चीर जुनी होती हे मान्य, पण रोज घोड्यावर तूच बसत होतास, तुला कळलं असणार, तरी तू लपवलंस आणि शर्यतीत उतरलास. म्हणजे आमच्या अहवालाने तो सुटला नाही, उलट जास्त अडकला. त्याचा परवाना कायमचा जाईल. त्याला दुसरं काही येत नाही, बेचाळीस किलोच्या माणसाला ओझी उचलायला कोण ठेवणार?

हाड तारीख सांगतं. पंधरा जानेवारीला ओट्यापाशी कोण कोणाला काय म्हणालं ते हाड सांगत नाही. ते जगात दोघांनाच माहीत आहे, आणि त्यातल्या एकावर कोणी विश्वास ठेवत नाही.

वीस तारखेला तू ते सांगायचंस.

भाची


१६ फेब्रुवारी

तू माझ्या पाठीमागे माझ्या गावात येऊन माझ्याच माणसाची उलटतपासणी घेतलीस. घरात पाऊलही टाकलं नाहीस. शाबास.

तुला घोड्यावर पहिल्यांदा कोणी बसवलं? तुझ्या आईने नको नको म्हटलं तरी मी बसवलं. त्याचे हे पांग फेडलेस. मी तोंड उघडलं तर माझा परवाना जातो, हे तुला कळतं ना? तबेल्यात सात घोडे आहेत आणि अकरा माणसं आहेत. मोतद्दाराच्या मुलीचं लग्न ठरलंय. या सगळ्यांना काय सांगू, माझी भाची हुशार आहे म्हणून घरी जा?

पैलवान अजून तरुण आहे, त्याचं होईल काहीतरी. मी त्याला तबेल्यात काम देईन, उपाशी ठेवणार नाही.

यापुढे या विषयावर पत्र लिहू नकोस. आलं तर न उघडता परत पाठवीन.

मामा


२१ फेब्रुवारी

ठमे,

तू पत्र लिहिलं नाहीस. रोज पेटी बघत होतो, परत पाठवायला म्हणून.

काल चौकशी झाली. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगतो, म्हणजे तिखटमीठ तरी लागणार नाही.

मी जबाब वाचून दाखवायचा असं ठरवूनच गेलो होतो, हे आधी सांगून टाकतो. इस्त्रीचा कोट घातला होता. लांब टेबलामागे समितीचे पाच जण, कोपऱ्यात लिहून घेणारा कारकून, पुढे आम्हाला खुर्च्या. पैलवानला चाकाच्या खुर्चीतून आणलं. आधीच काडी, आता तर नुसता कोट ढकलत आणल्यासारखं वाटलं. त्याने मला नमस्कार केला. सवयीने हात वर गेला असेल त्याचा, पण केला.

तुमच्या मॅडमचा अहवाल अध्यक्षांनी हातात घेतला, पानं चाळली आणि म्हणाले, “तांत्रिक भाग वगळू या.” चार पानं वगळली! मला त्या अहवालाचा राग आहे, पण निदान मी तो पुरता वाचला होता. मग ते पैलवानला म्हणाले, “रोज सकाळी तूच बसायचास ना? मग तुला कळलं कसं नाही?”

तो म्हणाला, “कळलं होतं. सांगितलं होतं.”

“कोणाला?”

त्याने माझ्याकडे बोट केलं नाही. खाली गुडघ्याकडे बघत म्हणाला, “ज्यांना सांगायचं त्यांना.”

आणि अध्यक्ष हसले. नुसते नाही, शेजारच्याकडे बघून, मान हलवून हसले. “अरे, ते तर लेखी देतायत की तू काही बोलला नाहीस. आता यांच्यासारख्या माणसावर विश्वास ठेवू की तुझ्यावर?”

ठमे, माझं टाळकंच सटकलं. मी काही विचार केला, मनाची तयारी केली, असलं काही नाही. तो माणूस नऊ वर्षं माझ्यासमोर पडला, उठला, एकदा तोंड फुटून दोन दात गेले तरी दुसऱ्या दिवशी सरावाला हजर होता. त्याच्याकडे बघून हा टेबलामागचा हसणार? ज्याने जन्मात घोड्याला खरारा केला नाही तो? मी उभा राहिलो आणि ओरडलोच, “हसता काय? खरं बोलतोय तो! पंधरा तारखेला त्याने मला सांगितलं, एक्स-रे काढा म्हणाला, आणि मी त्याला सायकल चालव म्हणालो. जबाब खोटा आहे. मी लिहिला म्हणून मला ठाऊक.”

तुला वाटेल मग सगळे थक्क झाले. छे! अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही भावनेच्या भरात बोलताय, बसा, पाणी प्या.” कारकुनाने तर पेन खाली ठेवलं. टिकल्याच्या मालकाचे वकील माझी बाही ओढायला लागले. यांना खरं नकोच होतं ग! जॉकीवर ढकललं की मैदानाचं नाव राखलं, मालक खूष, सगळे जेवायला मोकळे. मी कारकुनाच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, लिही. माझ्यासमोर लिही. मी सांगतो एकेक शब्द, आणि लिहून होईपर्यंत इथून हलणार नाही. वीस मिनिटं उभा होतो. फुगवटा, गार पाणी, तीनदा पळवलं ते, चोवीस तारखेला पुन्हा पळवलं ते, सगळं लिहून घ्यायला लावलं आणि खाली सही केली.

पैलवानचा परवाना राहिला. माझा दीड वर्षासाठी गेला. संध्याकाळपर्यंत मालकांचे फोन आले, सातही घोडे आठवड्याभरात दुसऱ्या तबेल्यांत जातील. मोतद्दार आणि बाकीची बहुतेक माणसं घोड्यांबरोबर जातील, दोघातिघांचं काय करायचं ते बघतोय.

बाहेर व्हरांड्यात मी पैलवानपुढे हात केला. त्याने तो घेतला नाही. म्हणाला, “मालक, एक्स-रे काढायला वीस मिनिटं लागतात हो.” मग बायकोने खुर्ची वळवली आणि ते गेले. तोंडातल्या तोंडात शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. अहवालात ‘नमुना’ लिहिल्याचा तर अजिबात नाही. पण एक गोष्ट विचारायची आहे आणि दुसऱ्या कोणाला विचारू शकत नाही. पंधरा तारखेला मी ऐकलं असतं आणि घोडा थांबवला असता, तर काही उपयोग होता का? की ती नळी तशीही गेलीच असती? खरं सांग. गोड बोलून फसवू नकोस, तुला ते जमतही नाही.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मॅडमना दाखवलं. कारकुनाच्या टेबलापाशी तू उभा राहिलास ते वाचून त्या म्हणाल्या, या माणसाला आमच्याकडे पाठवून दे. चार पानं वगळणाऱ्या त्या अध्यक्षांना त्यांनी कालच एक पत्र धाडलंय. त्यातली भाषा इथे लिहिण्यासारखी नाही.

माझाही राग गेलेला नाही. तो जबाब तू आधी लिहिलास, हे मी विसरणार नाही. नंतर तू काय केलंस, तेही विसरणार नाही. रविवारी येते, आणि या वेळी घरी येते.

तू विचारलंस आणि फसवू नकोस म्हणालास, म्हणून सांगते. मी काल त्या हाडाच्या चकत्या पुन्हा बघितल्या. तेरा तारखेच्या आसपास चीर पडली. लगेच त्याच्या शरीराने तिच्यावर नवं हाड चढवायला घेतलं होतं. चोवीसला तू पळवलंस तेव्हा तो थर तडकला. तडकलेल्या जागेवरही त्याने दुसरा थर धरला होता, अगदी पातळ, शर्यतीआधीच्या आठ दिवसांत जेवढा जमला तेवढा.

उपयोग होता, मामा. ते भरत होतं. आणखी तीन महिने लागले असते.

तुझी भाची